फोर्डवाल्याच्या दारी शेव्हरोले

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एक चक्कर मारली, तर काय दिसते? कॅमरी, ॲकॉर्ड, ओडिसी, सिएना आणि पुन्हा कॅमरी. आपली मंडळी गाडी घेताना मायलेज, रिसेल व्हॅल्यू आणि 'जोशी काय म्हणतात' एवढेच बघतात. पण मिशिगनमध्ये चार-दोन वर्षे काढली, की एक प्रश्न कुठेतरी, कोणीतरी विचारतोच : "तू फोर्डवाला की शेव्हीवाला?" विचारणारा हसत विचारतो, पण उत्तर मात्र कान देऊन ऐकतो. आपल्याकडे एकेकाळी ज्या घरात बजाजची स्कूटर आली त्या घरात पुढची वीस वर्षे दुसरी कंपनी उंबरठा ओलांडत नसे, तसेच हे. फरक एवढाच, की इथे ही निष्ठा तीन-तीन पिढ्या चालते आणि तिचे खरे दैवत मोटार नसून पिकअप ट्रक असते.

मी बारा-तेरा वर्षे पक्का फोर्डवाला होतो. आज माझ्या गराजमध्ये १९५१ सालची शेव्हरोले ३१०० उभी आहे आणि ती मी स्वतःच्या हातांनी (आणि इतर काही हातांनी) पुन्हा चालती केली आहे. हे धर्मांतर कसे झाले ते सांगायचे, तर या दोन कंपन्यांचा इतिहास सांगावा लागेल. तो शोधत गेलो तेव्हा माझ्या हाती जे लागले, ते मला तरी अनपेक्षित होते.

मी फोर्डवाला कसा झालो

२००१ साली एम.एस. करायला मी डेट्रॉइटला आलो आणि डिअरबॉर्नमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. घरमालक फोर्डच्या रूज कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही तिथेच. पहिल्या हिवाळ्यात बसची वाट बघत कुडकुडणारा मी त्यांना दिसलो. त्यांनी आपली जुनी फोर्ड पिकअप अगदी क्षुल्लक किमतीला मला दिली आणि बर्फात गाडी कशी चालवायची तेही शिकवले. त्यानंतर नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. मिनीव्हॅन बायकोच्या मर्जीने जपानी आली; पण माझी स्वतःची गाडी कायम फोर्डच. कारण विचाराल तर इंजिन, गिअर वगैरे काही नाही. परक्या देशात पहिल्यांदा ज्याने आपले म्हटले, त्याची गाडी ती आपली गाडी.

निष्ठा अशीच जडते, हे नंतर कळले. डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्याने २००६ साली तर जवळच्या पार्किंगमध्ये फक्त फोर्ड परिवारातल्याच गाड्या लावता येतील असा नियम केला. इतर गाड्यांनी रस्त्यापलीकडे उभे राहायचे! घरमालकांना हा नियम अगदी योग्य वाटला होता. "देवळात चपला घालून जातोस का?" असा त्यांचा मला सवाल.

आधी ट्रक, मग पिकअप

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी पिकअप ही चीज कंपन्यांच्या आधी स्वतःच बनवली होती. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. शेतकऱ्यांनी तिचा मागचा भाग काढून तिथे लाकडी पेटी ठोकायला सुरुवात केली. आपल्याकडे बुलेटच्या मागे हौदा जोडून 'छकडा' करतात, त्याच जातीचे हे डोके. १९१७ साली फोर्डने एक टन वजन वाहणारी मॉडेल टीटी काढली. पण ती नुसती चासी होती, वरची केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने बाहेरून करून घ्यायचा. शेवटी एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवून येणारी 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी' बाजारात आली. किंमत २८१ डॉलर, ताकद २० अश्वशक्ती. त्या वर्षी अशा ३३,७९५ गाड्या विकल्या गेल्या. आज महामार्गावर दिसणाऱ्या अजस्र पिकअपची ही आद्य जननी. माझे घरमालक या इतिहासावर फार खूष असत आणि गोष्ट इथेच संपवत.

पण गोष्ट इथे संपत नाही. शेव्हरोले १९१८ सालापासून हलके ट्रक बनवत होती आणि १९२०च्या दशकात ती फोर्डच्या अगदी पाठीशी येऊन पोचली होती. तिला तिथवर आणणारा माणूस कोण होता? तो आला होता फोर्डमधून!

पक्ष बदलणारे मोठे लोक

विल्यम नुडसेन हे त्याचे नाव. जन्म १८७९, कोपनहेगन. विसाव्या वर्षी, १९०० साली, तो डेन्मार्कहून बोटीने न्यूयॉर्कला उतरला. हेन्री फोर्डने तो काम करत असलेली कंपनी विकत घेतली आणि नुडसेन फोर्डकडे आला. देशभर मॉडेल टीचे जोडणी कारखाने उभे करण्यात त्याचा मोठा वाटा होता. पण हेन्री फोर्डशी पटेना, म्हणून १९२१ साली त्याने फोर्ड सोडली. पुढच्याच वर्षी तो जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागात गेला आणि १९२४ साली तिथला प्रमुख झाला. मॉडेल टी आता जुनी झाली आहे हे त्याला दिसत होते. हेन्री फोर्डला ते दिसायला १९२७ साल उजाडले. त्या वर्षी मॉडेल टी बंद करून मॉडेल ए आणण्यासाठी फोर्डचे कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि शेव्हरोले पहिल्यांदा फोर्डच्या पुढे गेली. फोर्डला हरवले ते फोर्डच्याच माणसाने.

एवढ्यावर भागत नाही. याच नुडसेनचा मुलगा सेमन, ज्याला सगळे 'बंकी' म्हणत, जनरल मोटर्समध्ये मोठ्या पदावर पोचला आणि १९६८ साली उठून फोर्डचा अध्यक्ष झाला! १९६९ साली त्याला तिथून काढूनही टाकले. म्हणजे बाप फोर्डमधून शेव्हरोलेत आणि लेक जनरल मोटर्समधून फोर्डमध्ये.

आणखी मागे जावे तर खुद्द संस्थापकांचीही तीच कथा. हेन्री फोर्ड १९०२ साली स्वतःच्या नावाची एक कंपनी भागीदारांशी भांडून सोडून गेला. त्या कंपनीचे नाव बदलून ठेवले कॅडिलॅक. १९०९ साली ती जनरल मोटर्सने घेतली. लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतीचा ड्रायव्हर. १९११ साली विल्यम ड्युरंटबरोबर त्याने कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत मतभेद होऊन तो बाहेर पडला. नाव मात्र तिथेच राहिले. सत्तरीतल्या माझ्या घरमालकांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मालकांचं काय, ते कुठेही जातात."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मालक कुठेही जातात हे खरे. मग जे जात नाहीत ते कोणाशी निष्ठा ठेवतात?

फ्लिंटची गाडी

२०१० साली आम्ही फ्लिंटच्या दक्षिणेला घर घेतले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. माझी मुले त्यांना 'आजोबा' म्हणायची आणि त्यांना तो शब्द कळायला एक आठवडाही लागला नाही. त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली एक ट्रक होता. माझ्या फोर्डकडे बघून ते दर रविवारी काहीतरी टोमणा मारत आणि मी त्या ताडपत्रीकडे बघून परतफेड करत असे. २०१४ साली त्यांच्या मुलीने त्यांना वृद्धाश्रमात हलवायचे ठरवले. घर विकायला निघाले. एक दिवस त्यांनी मला बोलावून ताडपत्री काढली आणि म्हणाले, "भंगारवाल्याला देण्यापेक्षा फोर्डवाल्याला दिलेला बरा."

१९५१ची शेव्हरोले ३१००. गोलाकार बोनेट, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, दोन तुकड्यांची काच. वरचा निळा रंग कोणीतरी नंतर ब्रशने मारलेला, खाली मूळचा गडद हिरवा. नंबराच्या पट्टीवर सुरुवातीला १ आणि पुढे जे, पी ही अक्षरे. १ म्हणजे फ्लिंटचा कारखाना, जे म्हणजे १९५१, पी म्हणजे अर्ध्या टनाची गाडी. पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे! दारांना हवा घ्यायच्या छोट्या फिरत्या काचा; त्या १९५१ सालीच नव्याने आल्या होत्या. केबिनचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा गंजून चाळण झालेला. हौद्याच्या फळ्या कुजलेल्या. इंजिन जाम.

हा ट्रक त्यांच्या वडिलांनी नवा कोरा घेतला होता आणि ते वडील शेव्हरोलेच्या इंजिन कारखान्यात कामाला होते. "१९३७ साली ते चार नंबरात आत बसले होते," एवढे सांगून आजोबा थांबले. मला काही कळले नाही, म्हणून घरी येऊन वाचायला बसलो.

३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमधल्या जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी कारखान्यांतल्या कामगारांनी यंत्रे थांबवली आणि ते आतच बसून राहिले. बाहेर निदर्शने करणाऱ्यांना हाकलून नवे कामगार आत नेता येतात; आत बसलेल्यांना हटवणे अवघड. मुख्य मागणी, युनियनला मान्यता द्या. १ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी एक हूल दिली. शेव्हरोलेच्या नऊ नंबर कारखान्यात गडबड उडवून सगळे पहारेकरी तिकडे ओढले आणि तेवढ्यात चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला. चार नंबर म्हणजे शेव्हरोलेची इंजिने जिथे तयार होत तो कारखाना. तो बंद म्हणजे शेव्हरोले बंद. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्ड बोलावले, पण कामगारांवर सोडले नाही. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, कंपनीने युनियनशी करार केला. कंपनीच्या बाजूने वाटाघाटींना बसलेल्यांत एक नाव होते विल्यम नुडसेन! फोर्डने मात्र आणखी चार वर्षे ताणून धरले आणि १९४१ साली तोच करार केला.

पुढे मे १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि युनियनमध्ये पाच वर्षांचा करार झाला. त्यात पेन्शन आली, आरोग्य विमा आला. त्याच्या दुसऱ्या वर्षी या गृहस्थांनी नवा ट्रक घेतला. कडाक्याच्या थंडीत ज्या कंपनीच्या विरोधात कारखान्यात ठाण मांडून बसले, तिचीच गाडी! मी आजोबांना विचारले, "असे का?" ते म्हणाले, "कंपनीची कुठे घेतली? आपण केलेली घेतली."

इंजिन काढायचे की ठेवायचे?

ट्रक माझ्या गराजमध्ये ओढून आणला आणि पहिला मोठा प्रश्न उभा राहिला. या गाडीत शेव्हरोलेचे प्रसिद्ध सहा सिलिंडरचे इंजिन. १९२९ साली नुडसेनच्या कारकिर्दीत ते आले; फोर्डच्या चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर, हीच त्याची जाहिरात. स्टोव्हच्या बोल्टसारखे खाचेचे बोल्ट असल्यामुळे त्याला 'स्टोव्हबोल्ट' हे टोपणनाव पडले. त्याला उत्तर म्हणून फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडणारे व्ही-८ काढले. गंमत बघा : शेव्हरोलेचे व्हॉल्व्ह पहिल्यापासून वर, हेडमध्ये, फोर्डचे खाली, ब्लॉकमध्ये. फोर्डने ट्रकसाठी वरच्या व्हॉल्व्हचे इंजिन १९५२ साली आणले, तर शेव्हरोलेने व्ही-८ आणले १९५५ साली. वीस-पंचवीस वर्षे एकमेकांना नावे ठेवून शेवटी दोघांनी एकमेकांचेच शहाणपण उचलले.

माझ्या गाडीतले २१६ घन इंचांचे, ९२ अश्वशक्तीचे. त्याचा एक दोष जगजाहीर आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल दाबाने पुरत नाही. रॉडच्या टोकाला असलेला छोटा चमचा चेंबरमधल्या पन्हाळीतून तेल उचलतो. बेअरिंग मऊ बॅबिट धातूचे, रॉडमध्येच ओतलेले. म्हणून बहुतेक हौशी लोक हे इंजिन फेकून देतात आणि नवे व्ही-८ बसवतात. एका गराजवाल्याने मला तसा हिशेब करूनही दिला. घरमालकांना बातमी कळताच ते डिअरबॉर्नहून तासभर गाडी हाकत आले आणि म्हणाले, "बसवायचंच तर फोर्डचं बसव!" शेव्हरोलेच्या पोटात फोर्डचे इंजिन, त्यांच्या दृष्टीने यापरते पुण्य नव्हते. खरे सांगतो, माझेही जवळजवळ ठरले होते. दिवसभर लोकांच्या जुन्या सिस्टिम काढून नव्या बसवायचा माझा धंदा. जुने टिकवायचे हे आमच्या शास्त्रात बसत नाही.

त्याच उन्हाळ्यात, २०१५ साली, बाबा सहा महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. वय सत्त्याहत्तर. दिवसभर टीव्हीसमोर गप्प बसून असत. माझ्याशी बोलणे 'जेवलास का' आणि 'फोन कुणाचा होता' एवढेच. बाबा पुण्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये १९५९ साली हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मी मात्र शिकून-सवरून कॉम्प्युटरकडे गेलो. पाना कधी हातात धरला नाही. त्यांच्या हाताला लागलेले ते काळे तेल लहानपणी मला आवडायचे नाही, हे त्यांना ठाऊक असावे.

एका शनिवारी मी इंजिनाचे वरचे झाकण काढले आणि गराजमध्ये त्यांची सावली पडली. चष्मा वर करून ते वाकले, रॉकर शाफ्टवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "अरे, ही तर बेडफर्डची बहीण!"

मला वाटले, म्हातारपणाचा घोटाळा. पण घोटाळा माझाच होता.

लूटन, शिवडी, पुणे

जनरल मोटर्सने १९२५ साली इंग्लंडमधली व्हॉक्सहॉल कंपनी विकत घेतली आणि पुढे तिच्या लूटनच्या कारखान्यात शेव्हरोलेचे ट्रक जोडायला सुरुवात केली. १९३१ साली त्याच ट्रकवर सुधारणा करून तिथे नवी बनावट निघाली, ती बेडफर्ड. इंजिन त्याच सहा सिलिंडरच्या शेव्हरोले इंजिनाच्या वळणाचे, फक्त तेल दाबाने पोचवण्याची सोय त्यात केली होती. इकडे १९२८ साली जनरल मोटर्सने आपल्या मुंबईत शिवडीला कारखाना काढून शेव्हरोले गाड्या जोडायला सुरुवात केली होती. आणि १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) एस.टी.ची जी पहिली बस निघाली, ती बेडफर्ड होती.

त्या सुरुवातीच्या काळात एस.टी.च्या ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या होत्या : शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. बाबा कामाला लागले तेव्हा यातल्या जुन्या पेट्रोलच्या गाड्या मोडीत निघत होत्या आणि त्यांची इंजिने शिकाऊ पोरांना उघडायला देत. "आम्हाला कसली आलीय फोर्ड आणि शेव्हरोले," बाबा म्हणाले. "सकाळी जी दारात उभी, ती आपली. संध्याकाळी ती डेपोला परत गेली पाहिजे. बास."

त्या दिवशी ते दोन तास बोलले. इतके सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

इंजिन बदलायचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी हिशेबाचा कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, "हिच्यात मोडलंय काय?" मी म्हणालो, "बाबा, जाम आहे." ते म्हणाले, "जाम आहे म्हणजे मोडलेलं नाही. उघडून बघितलंयस का?" मी बघितले नव्हते. लोक काय म्हणतात तेवढे वाचले होते.

मग आम्ही उघडले. सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतून आठ दिवस मुरत ठेवले, रोज फ्लायव्हीलला थोडा हिसका. नवव्या दिवशी ते बोटभर हलले. बाबांनी "हं" केले आणि चहा मागितला. हेड उतरवले, दोन व्हॉल्व्ह गंजून चिकटलेले, ब्लॉक शाबूत. चेंबर काढल्यावर त्यांनी ते तेलाचे चमचे पाहिले आणि हसले. "आमच्या बेडफर्डला तेल दाबानं जायचं. ही अजून चमच्यानं पिते!"

या बॅबिट बेअरिंगांची एक चांगली बाजू आहे, ती मला त्यांच्याकडून कळली. बेअरिंगच्या दोन अर्धांमध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात. झीज झाली की एकेक शिम काढायची, टोपण आवळायचे आणि रॉड हाताने हलवून बघायचा. फार सैल नको, फार घट्ट नको. पुस्तकात त्यासाठी इंचाच्या हजाराव्या भागाचे आकडे दिले आहेत. मी मापाची प्लास्टिकची तार घालून मोजत असे. बाबा डोळे मिटून रॉड हलवत आणि सांगत. सहापैकी पाच वेळा आमचे जुळले. सहाव्या वेळी माझे माप चुकले होते.

घरमालकही दर पंधरवड्याला येऊ लागले. बाबांचे इंग्रजी कामापुरते, त्यांचे मराठी शून्य. पण 'गॅस्केट', 'टॅपेट' आणि 'फिलर गेज' हे शब्द डिअरबॉर्नला आणि पुण्याला सारखेच. एकदा घरमालकांनी बॅटरी जोडली आणि अँमीटरचा काटा उलटा धावला. त्या काळच्या फोर्डचे अर्थिंग पॉझिटिव्ह, शेव्हरोलेचे निगेटिव्ह. बॅटरी दोन्हीकडे सहा व्होल्टची. पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांचा हात फोर्डच्या वाटेने गेला होता! बाबांनी मुकाट्याने तारा बदलल्या आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बाबांना केबिनमध्ये बसवले. या गाडीचा सेल्फ पायाने दाबायचा असतो. तिसऱ्या दाबात इंजिन खोकले, चौथ्यात धरले. निळा धूर सगळ्या गराजमध्ये भरला. तेलाचा काटा थोडासाच वर आला. या इंजिनाला तेवढाच पुरतो. बाबा काट्याकडे बघत नव्हते. मान कलती करून ऐकत होते. चार दिवसांनी त्यांचे परतीचे विमान होते.

हौदा

बॉडीच्या कामाला आणखी दोन वर्षे लागली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे मी संध्याकाळच्या वर्गात जाऊन शिकलो. हौद्याला ओकच्या फळ्या घातल्या. रंग मूळचाच, गडद हिरवा. २०१७च्या उन्हाळ्यात ट्रक घेऊन वृद्धाश्रमात गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांना माणसे नीट ओळखू येत नव्हती. मला ओळखले नाही. पण बोनेटवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि मुलीला म्हणाले, "चालू ठेव, ऐकू दे." बाबांनी शिम काढून बसवलेले ते इंजिन तिथल्या अंगणात वीस मिनिटे चालू होते.

त्यांचे वडील जिथे आत बसले होते तो चार नंबरचा कारखाना आता नाही. फ्लिंट नदीच्या काठची ती सगळी कारखान्यांची जागा मोकळी झाली आणि तिथे झाडे लावली गेली. मी ट्रक घेऊन एकदा तिथेही जाऊन आलो.

फोर्डची एफ मालिका १९४८ साली सुरू झाली आणि १९७७ पासून ती अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी पिकअप ठरत आली. घरमालक हा आकडा मला आजही ऐकवतात. मी त्यांना सांगतो, की १९४७ ते १९५५ पर्यंत पहिला नंबर शेव्हरोलेचा होता आणि माझी गाडी १९५१ची आहे. वाद तिथे मिटतो, म्हणजे पुढच्या भेटीपर्यंत मिटतो.

बाबा २०२० साली गेले. तेव्हा विमाने बंद होती, मला जाता आले नाही. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी गराजमध्ये जाऊन इंजिन चालू करत असे. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते.

मित्र विचारतात, "मग आता तू शेव्हीवाला का?" खरे तर रोज ऑफिसला मी अजून फोर्डनेच जातो. गेल्या काही वर्षांपासून आपल्या मंडळाचा गणपती माझ्या या हिरव्या ट्रकच्या हौद्यातून येतो, हे तुम्ही पाहिले आहेच. त्याच्यामागून आरतीचे सामान आणि मोदकांचे डबे घेऊन जी पांढरी एफ-१५० येते, ती आमच्या घरमालकांची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच विचारले, "तुमच्या देवाला फोर्ड चालते का?"

यंदा मिरवणुकीआधी टॅपेट सेट करायचे आहेत. माझी मुलगी फिलर गेज घेऊन बसणार आहे. ज्यांना बघायचे असेल त्यांनी आदल्या शनिवारी सकाळी गराजवर यावे. चहा मिळेल. मात्र जुने कपडे घालून या. तेलाचे डाग निघत नाहीत.